पॉवर सप्लाय नॉइजचं मॉडेल: चिपचं व्हीडीडी १.८ वरून ०.२ व्होल्टवर काहून येऊन रायलं?

वरूडचा_ईएनटीसी

रामराम मंडळी. मी वरूडकडचा, अमरावतीले ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स अन् टेलिकॉम) शेवटच्या वर्षाले हाओ. प्रोजेक्टमध्ये एक छोटा डिजिटल ब्लॉक केला, स्कायवॉटर १३० नॅनोमीटरचं जे ओपन पीडीके (फॅबच्या डिझाइन फाइलींचा संच) हाय त्यावर, सप्लाय म्हणजे व्हीडीडी १.८ व्होल्ट, क्लॉक ५० मेगाहर्ट्झ. पॉवर रिपोर्टमध्ये सरासरी करंट २० मिलिअँपिअर दाखवते. आता मले या चिपच्या सप्लायवर नॉइज किती येईन ते दाखवाचं हाय.

सगळे गेट एनजीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये टाकून पाह्यलं तर लॅपटॉप उठतच नाई, अन् गावात लाइनचा काई भरोसा नाई, मोठं सिम्युलेशन रातभर चालू ठेवता येत नाई. म्हणून गेट काढून टाकले अन् त्यायच्या जागी एक करंट सोर्स ठेवला. हिशोब असा धरला का एका सायकलमध्ये चार्ज जाते २० मिलिअँपिअर गुणिले २० नॅनोसेकंद म्हणजे ४०० पिकोकुलोंब, अन् क्लॉकची एज आली का बहुतेक गेट लगेच फिरतात म्हणून हा सगळा चार्ज २ नॅनोसेकंदाच्या त्रिकोणी पल्समध्ये टाकला. मंग पीक येते ४०० मिलिअँपिअर. पॅकेजची वायर ४ नॅनोहेन्री धरली, ग्राउंड आयडियल.

रिझल्ट असा का व्हीडीडी एकदम ०.२ व्होल्टवर जाते अन् लगेच ३.४ वर उडते. असं खरं असतं तर एकही चिप चालली नसती. आमचे सर म्हणतात का १० टक्के नॉइज धरून टाक, सगळे तसंच करतात, पण मले तो आकडा हातानं नाई टाकाचा, तो मॉडेलमधून निंगाला पायजे अन् कुठून आला हे मले सांगता आलं पायजे.

तर विचारणं हे का करंट सोर्सची पद्धत बरोबर हाय का, अन् यात काय राहून रायलं?

वणीकर_बंगलोर

भाऊ, पद्धत एकदम बरोबर हाय. आमच्या इकडे कंपन्यांमध्ये पण शेवटी हेच होते, रेडहॉक किंवा व्होल्टससारखं टूल गेटनिहाय करंट काढते अन् बोर्डवाल्यांना देताना सगळं आटवून एक छोटं मॉडेल देते, त्याले चिप पॉवर मॉडेल म्हणतात, त्यात असते काय तर करंट सोर्स आणि थोडे आर-सी. लाखो गेट कोणीच स्पाइसमध्ये टाकत नाही. तू सरायचं न ऐकता आकड्याच्या मागं लागला ते तर फारच चांगलं केलं.

तुझा ०.२ पण सिम्युलेटरची चूक नाही. ४ नॅनोहेन्रीतून १ नॅनोसेकंदात ०.४ अँपिअर चढवला तर एल डीआय बाय डीटी (इंडक्टन्स गुणिले करंट बदलायचा वेग) म्हणजे १.६ व्होल्ट होतात, १.८ मधून गेले उरले ०.२, आणि करंट उतरताना तेच १.६ उलटे म्हणून ३.४. गणित चोख आहे, सर्किट अर्धं आहे.

राहून गेलं ते म्हणजे चिपच्या आतलं कॅपॅसिटन्स. स्वतःला एकच प्रश्न विचार, पहिल्या एक नॅनोसेकंदात चार्ज येतो कुठून? बोर्डवरचा कॅपॅसिटर पॅकेजच्या इंडक्टन्सच्या पलीकडे बसला आहे, त्याचा चार्ज इतक्या लवकर पोचतच नाही. जे काही मिळते ते सिलिकॉनवरूनच मिळते. आणि ते तिथं आपोआप असते, तू काही टाकलं नाही तरी. कोणत्याही सायकलमध्ये बहुतेक गेट फिरत नाहीत, जे शांत बसले आहेत त्यांचा आउटपुट चालू ट्रान्झिस्टरमधून एकतर व्हीडीडीला किंवा ग्राउंडला बांधलेला असतो, म्हणून त्यांच्या लोडचा साधारण अर्धा भाग सप्लायवर कॅपॅसिटरसारखा लटकलेला राहतो.

तुझ्याच आकड्यांवरून काढू. २० मिलिअँपिअर भागिले १.८ व्होल्ट भागिले ५० मेगाहर्ट्झ, येते २२२ पिकोफॅरड, हे दर सायकलला फिरणारं कॅपॅसिटन्स. दहातला एक गेट फिरतो असं धर, म्हणजे एकूण २.२ नॅनोफॅरड, त्यातलं न फिरणारं २, त्याचं अर्धं म्हणजे १ नॅनोफॅरड फुकटात मिळालं. अजून १ नॅनोफॅरड डिकॅप सेलचं (सप्लायला आधार म्हणून मुद्दाम ठेवलेले कॅपॅसिटर) टाक. १.८ व्होल्टच्या ट्रान्झिस्टरचं ऑक्साइड ४ नॅनोमीटरच्या आसपास असते, त्या हिशोबानं एका चौरस मायक्रोमीटरला ८ फेम्टोफॅरड, म्हणजे १ नॅनोफॅरडला ०.१२ चौरस मिलिमीटर जागा जाईल, परवडते. एकूण २ नॅनोफॅरड झाले.

आता ४०० पिकोकुलोंब भागिले २ नॅनोफॅरड, ०.२ व्होल्ट. १.६ चे ०.२ झाले बघ एका कॅपॅसिटरनं. पल्स मात्र डायच्या (पॅकेजमधल्या सिलिकॉनच्या तुकड्याच्या) कॅपॅसिटरवरच लाव, पॅकेजच्या बाहेर नको.

आपल्याकडच्या डीपीवरून पाह्य. संत्र्याच्या मोसमात थ्री फेज आली का डीपीवरचे सगळे मोटरपंप एकदम उठतात कारण प्रत्येकाच्या पेटीत ऑटो स्विच, अन् ज्याचं वावर डीपीपासून सगळ्यात लांब त्याची मोटर नुसती घुंई करते, फिरत नाही. दिवसभराचे युनिट पाह्यले तर डीपी पुरेशी आहे. मार बसतो तो सगळ्यांनी एकाच टायमाले ओढल्यानं. तुझी क्लॉक एज म्हणजे तो ऑटो स्विच आहे, आणि तुझे २० मिलिअँपिअर म्हणजे महिन्याचं बिल, त्यावरून मोटर उठते का नाही ते समजत नाही.

काटोल_सोलर

वरच्या भाऊचं पटलं. महावितरणवाले पण तेच सांगत असतात ना, ऑटो काढा अन् मोटरले कॅपॅसिटर बसवा. म्हणजे डिकॅप अन् मोटरचा कॅपॅसिटर एकच काम करते म्हणायचं.

सावनेर_लॅब

नाही हो दादा, इथं गल्लत होईल म्हणून लगेच लिहिते. मोटरचा कॅपॅसिटर ५० हर्ट्झ एसीवर रिॲक्टिव्ह पॉवर जागच्या जागी देतो, त्यामुळे लाइनमधून येणारा एकूण करंट कमी होतो अन् लाइनमधला ड्रॉप घटतो. पण मोटर उठवायची खरी ताकद तो साठवून ठेवत नाही. चिपवरचा डिकॅप मात्र डीसीवर चार्ज साठवतो आणि एज आली की तोच चार्ज देतो. डीपीची गोष्ट सगळे एकदम ओढतात इथपर्यंत बरोबर बसते, पुढे ताणू नका.

बाळा, तुझ्या मॉडेलमधलं आणखी एक मला खटकतं ते म्हणजे आयडियल ग्राउंड. जेवढा करंट व्हीडीडीच्या वायरमधून आत येतो तेवढाच ग्राउंडच्या वायरमधून बाहेर जातो, तिथंही इंडक्टन्स आहे. चिपच्या आतला ग्राउंड उचलला जातो अन् गेटला दिसतो तो दोघांमधला फरक. म्हणून स्पाइसमध्ये डायचा ग्राउंड वेगळा नोड कर, नोड शून्याला थेट जोडू नको, आणि मोजताना व्हीडीडी वजा व्हीएसएस (डायचा ग्राउंड) मोज. बाँड वायरला (डायपासून पॅकेजच्या पिनपर्यंतची बारीक तार) मिलिमीटरला १ नॅनोहेन्री हा अंदाज चालतो. तुझी ४ नॅनोहेन्री एका वायरची झाली, तर चार व्हीडीडीचे अन् चार ग्राउंडचे पॅड दे, दोन्हीकडे १-१ नॅनोहेन्री, लूपची २. वायरी शेजारी शेजारी असल्या तर म्युच्युअलमुळे बरोबर चौथाई होत नाही पण सुरुवातीला चालते. व्हीडीडी आणि ग्राउंडचे पॅड आलटून पालटून ठेवले तर लूप अजून कमी होते.

पिन कुठं आहेत याला लई महत्त्व आहे आणि आपल्या पोरांना हे कोणी शिकवत नाही. आपण लॅबमध्ये जी ८९सी५१ मायक्रोकंट्रोलर चिप वापरतो तिचं व्हीसीसी ४० नंबरला आणि ग्राउंड २० नंबरला, डीआयपी (दोन बाजूंना पिनांच्या रांगा असलेल्या) पॅकेजच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत, म्हणजे आतली लीड सगळ्यात लांब. ७४०० पण तशीच, १४ आणि ७. लॉजिक फास्ट झालं तेव्हा ग्राउंड बाउन्सचा त्रास इतका वाढला की ७४एसी११००० या सिरीजमध्ये सप्लायच्या पिन मधोमध आणल्या. एटमेगा३२८पी च्या २८ पिनवाल्या डीआयपीत ७ आणि ८ शेजारी शेजारी आहेत ते पाहून घे.

आता मॉडेलवर विश्वास कसा ठेवायचा. तुझी चिप तर हातात नाही, पण पद्धत तपासता येते. एटमेगा घे, एक पिन आउटपुट करून हाय ठेव अन् तिला हात लावू नको, बाकी एका पोर्टच्या सगळ्या पिन एकदम टॉगल कर, प्रत्येकीवर ४७ पिकोफॅरड लाव. ती शांत पिन स्कोपवर पाहा. ती चालू ट्रान्झिस्टरमधून आतल्या व्हीसीसीला बांधलेली असते म्हणून आतल्या रेलवर जे हलते ते तिच्यावर दिसते, बाहेरच्या व्हीसीसी पिनवर मोजलं तर यातलं बरंचसं दिसतच नाही. मग पिन लो ठेवून ग्राउंडचं पाहा. एक सांभाळ, प्रोबची लांब मगरक्लिपची ग्राउंड वायर वापरू नको, तिचंच रिंगिंग दिसेल, छोटी स्प्रिंग लाव किंवा तांब्याची तार गुंडाळ प्रोबच्या टोकाला. अन् हेच सर्किट स्पाइसमध्ये बनव, ८ ड्रायव्हर, ८ कॅपॅसिटर, लीडची इंडक्टन्स. आकडा तंतोतंत नाही जुळणार, पण आकार आणि रिंगिंगची फ्रिक्वेन्सी जुळली तर तुझी पद्धत उभी राहिली असं एक्स्टर्नलला (बाहेरच्या परीक्षकाला) छातीठोक सांगू शकतोस.

वरूडचा_ईएनटीसी

ताई, भाऊ, लय मोलाचं सांगतलं. तुमी सांगतलं तसं केलं, डायवर २ नॅनोफॅरड, लूप २ नॅनोहेन्री, लूपमध्ये ०.२ ओहम. आता ५० मेगाहर्ट्झले व्हीडीडी वजा व्हीएसएस १.६५ च्या आसपास खाली जाते अन् वर १.९ च्या थोडं वर. हे पटण्यासारखं हाय.

पण एक गोष्ट डोक्यात बसून नाई रायली. म्हटलं क्लॉक कमी केला तर नॉइज कमी होईन, म्हणून ४० मेगाहर्ट्झ केला, पल्स तोच, ४०० पिकोकुलोंब तेवढाच ठेवला. सरासरी करंट १६ मिलिअँपिअरवर आला. अन् व्होल्टेज १.५२ वर गेलं! करंट कमी अन् नॉइज जास्त, असं काहून? टाइमस्टेप ५० पिकोसेकंद हाय, तो अजून लहान करून पाह्यला, तेच येते.

वणीकर_बंगलोर

वा भाऊ, हीच तर या विषयातली सगळ्यात कामाची गोष्ट आहे आणि ती तुझ्या हाताला लागली. टाइमस्टेप तपासला ते पण बेस केलं. पल्समध्ये राइज टाइम शून्य दिला तर एनजीस्पाइस स्वतःच्या मनानं टाइमस्टेप इतका राइज टाइम धरते आणि मग आकडे स्टेपबरोबर हलतात, तुझं तसं नाही म्हणजे हे खरं आहे.

ट्रान्झियंट थोडा बाजूला ठेव. करंट सोर्सच्या जागी एसी १ अँपिअर लाव, आणि १ मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झ एसी ॲनालिसिस चालव. १ अँपिअर असल्यामुळे जे व्होल्टेज येईल तेच इंपिडन्स, ओहममध्ये. तुला ८० मेगाहर्ट्झच्या जवळ एक टेकाड दिसेल, ५ ओहमच्या आसपास. पॅकेजची एल आणि डायचा सी यांचा पॅरलल रेझोनन्स आहे तो, २ नॅनो आणि २ नॅनो म्हणजे एक भागिले दोन पाय गुणिले २ नॅनोसेकंद, बरोबर ८० मेगाहर्ट्झ. उंची एल भागिले आर-सी, ५ ओहम.

आता ४० मेगाहर्ट्झचा क्लॉक. दोन पल्समध्ये २५ नॅनोसेकंद, रिंगिंगचा पिरियड १२.५, म्हणजे सप्लाय बरोबर दोन हेलकावे पूर्ण करून खाली यायला आणि पुढचा पल्स बसायला एकच गाठ पडते. दर पल्स जुन्या हेलकाव्यात भर टाकतो. ५० ला २० नॅनोसेकंद असतात, तेव्हा हेलकावा वरच्या बाजूला असतो म्हणून पुढचा पल्स थोडा सुसह्य होतो. फ्रिक्वेन्सीच्या भाषेत बोलायचं तर ४० चा दुसरा हार्मोनिक ८० वर जाऊन टेकाडावर बसला. पल्स अरुंद आहे म्हणून दुसरा हार्मोनिक पहिल्याएवढाच तगडा असतो, हे विसरू नको, लोकं फक्त क्लॉकची फ्रिक्वेन्सी पाहून मोकळे होतात.

तुझं बजेट पण इंपिडन्समध्ये मांड. ५ टक्के म्हणजे ९० मिलिव्होल्ट, करंटचा बदल २० मिलिअँपिअर, भागाकार ४.५ ओहम, याला टार्गेट इंपिडन्स म्हणतात. टेकाड ५ वर आहे म्हणजे बजेटच्या वर. पण हा भागाकार सरासरी करंटवर केला आहे, हार्मोनिकचा खरा ॲम्प्लिट्यूड अरुंद पल्सला सरासरीच्या जवळपास दुप्पट असतो, म्हणून खरं पाह्यलं तर टार्गेट अजून खाली पाहिजे. एका ओळीच्या सूत्रावर डोळे मिटून जाऊ नको.

आता तू म्हणशील कॅपॅसिटर दुप्पट करू. करून पाहा. ५० मेगाहर्ट्झवर ४ नॅनोफॅरड केले तर १.६५ चे फक्त १.६८ होतात. चार्जचा ड्रॉप निम्मा झाला पण रेझोनन्स ५६ मेगाहर्ट्झवर उतरला, तुझ्या क्लॉकच्या शेजारी. एवढी जागा खर्च करून ३० मिलिव्होल्ट मिळाले. त्याउलट लूपमधला रेझिस्टन्स ०.२ चा ०.४ केला तर ४० मेगाहर्ट्झवरचे १.५२ सरळ १.५८ होतात, आणि डीसीमध्ये गेले किती, २० मिलिअँपिअरला ४ मिलिव्होल्ट जास्त. डॅम्पिंग स्वस्त पडते. फक्त तो रेझिस्टन्स पॅकेजच्या बाजूला असला पाहिजे, डायच्या कॅपॅसिटरच्या सिरीजमध्ये घातला तर ०.४ अँपिअरचा पल्स त्यातूनच जाईल आणि ०.१ ओहमला ४० मिलिव्होल्टचा काटा वर बसेल.

सावनेर_लॅब

फारच छान समजावलं. यात मी एवढंच घालते की बोर्डवरचा कॅपॅसिटर अजून आयडियल १.८ व्होल्ट आहे तुझ्याकडे. १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक त्याच्या ईएसएल आणि ईएसआर (त्याची स्वतःची इंडक्टन्स आणि रेझिस्टन्स) सकट टाक, माउंटिंग धरून १ नॅनोहेन्री तरी असते, ती तुझ्या लूपमध्ये मिळते अन् ८० चं टेकाड खाली सरकते. म्हणजे ४० ला वाईट आणि ५० ला बरं हे चित्र पण सरकेल. रिपोर्टमध्ये एकच फ्रिक्वेन्सी लिहू नको, क्लॉक २० पासून १०० पर्यंत फिरवून सगळ्यात खालचं व्होल्टेज प्लॉट कर, एक्स्टर्नलचे सगळे प्रश्न त्या एका ग्राफवर येतील आणि तुला सगळ्यांची उत्तरं देता येतील.

वरूडचा_ईएनटीसी

हाव ताई, तो ग्राफ करतोच. शेवटचं एक, सर विचारतीन का १.६५ चालते का नाई चालत? १० टक्क्याचं म्हटलं तर १.६२ पर्यंत चालते, मंग पास. पण एवढ्यावर पास म्हणावं का? अन् करंट सोर्सले व्होल्टेज पडलं हे समजतच नाई, तो तेवढाच ओढते, त्याचं काय कराव?

वणीकर_बंगलोर

दुसरं आधी. बरोबर पकडलं, खरे गेट व्होल्टेज पडलं की कमी ओढतात अन् हळू ओढतात, आयडियल सोर्स तसाच ओढत राहतो म्हणून रिझल्ट जरा जास्तच वाईट दिसतो. एनजीस्पाइसमध्ये बी सोर्स (सूत्रावर चालणारा सोर्स) आहे, त्यात तुझ्या पल्सला डायवरच्या व्होल्टेज भागिले १.८ नं गुण, काम झालं. पण त्यानं रेझोनन्स मरेल अशी आशा धरू नको. १.८ भागिले २० मिलिअँपिअर म्हणजे सरासरीनं ९० ओहम, आणि तुझ्या टँकचं (त्या एल-सी जोडीचं) स्वतःचं इंपिडन्स १ ओहम, ९० ओहम समांतर लावून त्याचं काय बिघडते.

पहिलं. सगळ्यात खालचा बिंदू एवढाच आकडा पाहून पास-नापास करू नको. गेटचा डिले त्या क्षणाच्या व्होल्टेजवर असतो, आणि एक पाथ म्हणजे एकामागं एक बरेच गेट, सिग्नल त्यातून जात असताना व्होल्टेज पण वर खाली होत असते. म्हणून पाथचा डिले साधारण त्या वेळातल्या सरासरी व्होल्टेजवर ठरतो. १५ नॅनोसेकंदाचा पाथ असला तर १ नॅनोसेकंदाचा खोल काटा त्याचं फार नुकसान करत नाही, पण २ नॅनोसेकंदाचा छोटा पाथ नेमका त्या खड्ड्यात सापडला तर तो बराच हळू होतो, फक्त त्याच्याजवळ वेळ शिल्लक असतो म्हणून भागते. क्लॉक ट्रीचे बफर पण याच सप्लायवर आहेत, एजला ते हळू झाले की क्लॉकच मागंपुढं होतो, तो जिटर वेगळा मोज.

तुझ्याकडे वेगवेगळ्या व्होल्टेजच्या लायब्ररी फाइल (गेटच्या डिलेचे तक्ते) आहेत, त्यातल्या एकाच प्रोसेसच्या आणि एकाच तापमानाच्या दोन घे, नाहीतर नुसत्या व्होल्टेजचा परिणाम वेगळा निघणार नाही. क्रिटिकल पाथ दोन्हीवर काढ, मधे सरळ रेष ओढ, म्हणजे १० मिलिव्होल्टला किती पिकोसेकंद ते मिळते. मग ट्रान्झियंटमधून एजपासून पाथ संपेपर्यंतची सरासरी काढ आणि त्या रेषेवर ठेव. स्थिर १.६५ धरून आलेला डिले आणि हा डिले शेजारी शेजारी टाक रिपोर्टमध्ये. सरांच्या १० टक्क्यांना पण त्याच टेबलात एक रकाना दे, तो किती जास्तीचा मार्जिन खातो ते मेगाहर्ट्झमध्ये दिसेल.

आणि ओपनरोड या चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं पीडीएनसिम पण चालवून घे, ते चिपवरच्या सप्लायच्या जाळ्याचा म्हणजे ग्रिडचा स्टॅटिक आयआर ड्रॉप (रेझिस्टन्समुळं पडणारं व्होल्टेज) देते, २० मिलिअँपिअरवर चार-दोन मिलिव्होल्टच निघतील, पण ग्रिडचा कोणता कोपरा कमकुवत आहे ते कळेल. डिकॅप सेल त्या कोपऱ्यात ठेव, सगळ्या चिपवर सारखे शिंपडू नको.